सायकलवरून फोटो: चालवताना काय काढावं, थांबून काय काढावं

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. फोनच्या स्क्रीनकडे दोन सेकंद नजर गेली की सायकल दहा मीटर पुढे गेलेली असते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर दहा मीटरांत एक खड्डा, एक बिनरंगाचा स्पीडब्रेकर आणि आडवं आलेलं कुत्रं एवढं सगळं सहज मावतं. म्हणून आधीच सांगून टाकतो: सायकलवरचे जे फोटो बघून आपण ‘वा!’ म्हणतो, त्यातले बहुतेक सायकल थांबवूनच काढलेले असतात. खरं कसब पटकन थांबण्यात आणि तितक्याच पटकन पुन्हा निघण्यात आहे. चालत्या सायकलवरूनच काढावेत असे फोटो मोजके. तेही पुढे येतील, पण त्यांची पाळी आली की.

उदाहरणाला कोकण किनारा घेऊ. अलिबागहून रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुण्या-मुंबईचे सायकलवाले हिवाळ्यात हा रस्ता हौसेने करतात. समुद्र, चढ, वाड्या, बंदरं असं सगळं वाटेत मिळतं, आणि फोटोच्या सगळ्या अडचणीही.

फोन किंवा कॅमेरा कुठे असणार?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण बाकीचं सगळं यावर अवलंबून आहे. फोन सॅकमध्ये, सॅकवर रेनकव्हर, आत प्लास्टिकच्या पिशवीत, असा बंदोबस्त केला असेल तर तुम्ही दोनदा थांबाल आणि तिसऱ्यांदा ‘जाऊ दे, पुढे काढू’ म्हणाल. माझी कसोटी साधी आहे: पाय टेकल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत दहा सेकंदांच्या वर वेळ जाता कामा नये.

त्यासाठी दोन जागा चांगल्या. एक, पुढच्या दांडीवर हँडललगत बांधायची छोटी बॅग, जिची चेन एका हाताने उघडते. दोन, हँडलला लटकणारी उघड्या तोंडाची डब्यासारखी पिशवी. तिच्यात एरवी बाटली किंवा चिक्की ठेवतात. जर्सीचा मागचा खिसा तिसऱ्या नंबरावर, कारण घामाने फोन ओला होतो आणि अंगाच्या वाफेने लेन्सवर धुकं धरतं. जर्सीतून काढलेल्या फोनचे फोटो दुधाळ येतात ते बऱ्याचदा यामुळे.

हँडलवरचा फोनस्टँड नकाशासाठी ठीक आहे. फोटोसाठी मला तो पटत नाही. मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नसतं हे खरं, पण खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर टणक टायर फोनला दिवसभर थरथरवतच ठेवतात. शिवाय उन्हात तापलेला फोन स्क्रीन मंद करतो आणि कधी कधी कॅमेराच बंद करून टाकतो, तेही नेमकं जंजिरा समोर आल्यावर.

वेगळा कॅमेरा नेणार असाल तर त्याचा पट्टा एका खांद्यावरून तिरपा पाठीवर घ्या आणि कमरेभोवती आणखी एक पातळ पट्टा बांधा. नाहीतर चढावर उठून पेडल मारताना कॅमेरा पोटाखाली घसरतो आणि गुडघ्याला ठोकत राहतो. लेन्सचं झाकण घरीच ठेवा. त्याऐवजी साधा काचेचा फिल्टर लावला की झालं. तक्रार करायला जागा नाही म्हणा. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून सायकलवर जगप्रवासाला निघालेला फ्रँक लेन्झ त्या काळचा अवजड कॅमेरा पाठीवर बांधून चीनमधून आणि ब्रह्मदेशातून गेला. १८९४ मध्ये तो तुर्कस्तानात बेपत्ता झाला, पण वाटेवरचे त्याचे फोटो उरले.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. सायकलवाल्याच्या फोटोंचा सगळ्यात मोठा शत्रू सनस्क्रीन. बोटाला लागलेलं सनस्क्रीन लेन्सवर जातं आणि मग उजेडाकडे बघून काढलेला प्रत्येक फोटो फिसकटतो. त्यात किनाऱ्यावर खाऱ्या हवेचा थर बसतो. चष्मा पुसायचं मऊ फडकं बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि दर थांब्याला लेन्स पुसा. जर्सीच्या टोकाने नको. तिच्यावर घाम, मीठ आणि जांभ्याची तांबडी धूळ तिन्ही असतात.

घरीच करायची जुळणी

बहुतेक अँड्रॉइड फोनांत पॉवरचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, आणि आवाजाच्या बटणाने फोटो निघतो. ही दोन्ही कामं चालू आहेत ना ते बघून घ्या. मग हातमोजे घालून, स्क्रीनकडे न बघता, दहा-वीसदा करून पाहा. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, बटण देतं.

वेगाचं गणित थोडं समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. सेकंदाला पाच मीटर जाणारी सायकल १/१००० सेकंदात पाच मिलिमीटर सरकते, १/६० सेकंदात आठ सेंटिमीटर. दूरच्या डोंगराला या आठ सेंटिमीटरांचं काही वाटत नाही, पण रस्त्याकडेच्या गवताच्या त्यात रेघा होतात. म्हणून चालत्या सायकलवरून आजूबाजूचं सगळं स्पष्ट हवं असेल तर शटर (फोटो निघताना उजेड आत येण्याचा वेळ) १/१०००, आणि वेग दाखवायचा असेल तर १/६०. मधले आकडे ना धड इकडचे ना तिकडचे.

फोन स्वच्छ उन्हात आपणहून वेगवान शटर घेतो, त्याची काळजी नको. काळजी आहे ती संध्याकाळी आणि झाडीत. कमी उजेडात फोन एकामागून एक फ्रेम घेऊन त्यांचा मिळून एक फोटो बनवतो. सायकल आणि समोरची वस्तू दोन्ही हलत असतील तर त्यात भुतं, म्हणजे पुसट दुहेरी आकृत्या दिसतात. अशा वेळी प्रो मोडमध्ये (जिथे शटर आपण ठरवतो) जा किंवा सरळ थांबा.

हौशी कॅमेरावाल्यांसाठी: २८ मिलिमीटर लेन्सइतकं रुंद दृश्य टिपणारा छोटा कॅमेरा असेल, उदाहरणार्थ रिको जीआर, तर लेन्सचं उजेडाचं छिद्र एफ/८ इतकं लहान ठेवा आणि फोकस अडीच मीटरांवर पक्का करून टाका. साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ऑटोफोकसची वाट बघणं नाही, चुकून हँडलवर फोकस लागणं नाही.

थांबायचं कसं

फोटोची जागा दिसली की लगेच ब्रेक दाबायचा नाही. मागून येणाऱ्या साथीदाराचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकावर येतं. आधी मान वळवून मागे बघा. ‘थांबतोय’ म्हणून ओरडा, हात दाखवा. मग डांबरावरून पूर्ण बाहेर, साइडपट्टीवर या. कोकणात साइडपट्टी बऱ्याचदा डांबरापेक्षा चार बोटं खाली असते आणि तिथे मुरूम सुटा असतो, त्यामुळे चाक तिरपं न घालता वेग अगदी कमी करून उतरा.

वळणावर कधीही थांबू नका, नजारा कितीही सुंदर असो. एसटीच्या चालकाला त्या वळणावर सायकल उभी असेल असं स्वप्नातही वाटत नाही. पन्नास पावलं पुढे जा, सायकल लावा आणि चालत मागे या. त्या पन्नास पावलांत कोन पुष्कळदा सुधारतो.

पायांमध्ये सायकल ठेवूनच फोटो काढायचा असेल तर सीटवरून उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेका, कोपरं बरगड्यांना चिकटवा. घाट चढून आलेले असाल तर छाती भात्यासारखी चालू असते आणि हात कापतात, मग उभ्या उभ्याही फोटो हलतो. दोन-चार मोठे श्वास घ्या, श्वास सोडून झाल्यावर जी अर्ध्या क्षणाची स्तब्धता येते तेव्हा बटण दाबा.

धरणाच्या भिंती, संरक्षण खात्याची हद्द, काही बंदरांचे भाग इथे फोटोबंदीच्या पाट्या असतात. पुण्याच्या खडकवासला परिसरात तर या पाट्या नेहमीच्याच. सायकलवाला म्हणून सूट मिळत नाही.

समुद्र कोणत्या हाताला?

हे कुणी आधी सांगत नाही. अलिबागहून दक्षिणेला निघालात की समुद्र उजव्या हाताला असतो आणि आपण चालवतो डावीकडून. म्हणजे प्रत्येक फोटो समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या पलीकडे. एक तर मधून जीप जाते, नाहीतर रस्ता ओलांडावा लागतो. उलट दिशेने, म्हणजे श्रीवर्धनहून उत्तरेला आलात, तर समुद्र तुमच्याच कडेला येतो. थांबलात की समोर पाणी.

मग सगळे उलटेच का जात नाहीत? वाऱ्यामुळे. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेला जाणाऱ्याच्या तो तोंडावर येतो आणि पायांचा पिट्टा पाडतो. मी स्वतः दक्षिणेलाच जातो आणि फोटोसाठी रस्ता जिथे आत वळून पुन्हा बाहेर येतो तशा जागा धरतो. तिथे समुद्र बाजूला न राहता थेट समोर येतो, रस्त्यासकट. दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी-कोंडविलवरून जाणारा रस्ता अशा वळणांनी भरलेला आहे. एखाद्या चढाच्या माथ्यावर थांबून मागे वळून पाहिलंत तर आत्ताच मागे टाकलेली अर्धगोल पुळण, तिच्या कडेने रस्ता आणि रस्त्यावर मागे राहिलेला मित्र, तिन्ही एका चौकटीत येतात. मागे वळून बघणं ही सायकलवाल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागणारी सवय आहे.

उजेडाचंही तसंच. सकाळी ऊन जमिनीकडून समुद्रावर पडतं, पाणी निळं दिसतं, रंग खरे येतात. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो. तेव्हा चेहरे आणि जर्सीचे रंग विसरा, सायकलस्वाराची काळी आकृती घ्या. आकाशावर बोट टेकवून उजेड कमी करा आणि स्वार अगदी बाजूने दिसेल असा उभा राहा, म्हणजे चाकांची गोलाई, वाकलेली पाठ, सगळं ओळखू येतं. भर दुपारी हेल्मेटची सावली डोळ्यांवर पडते. मेच्या मध्यावर, पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो त्या सुमारास, ही सावली नाकापर्यंत उतरते. तेव्हा माणसांचे फोटो चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली काढा, बाहेर नको.

चालत्या सायकलवरून

आता तो भाग. आधी परीक्षा द्या. मोकळ्या मैदानात किंवा पहाटेच्या सुनसान रस्त्यावर, खाली न बघता बाटली काढायची, पाणी प्यायचं, बाटली जागेवर ठेवायची. या सगळ्यात चाक पांढऱ्या पट्टीवरून हललं नाही, तर तुम्ही फोन काढायला तयार आहात. हललं, तर नाही.

मग ब्रेकचं बघा. हँडलवर राहणारा हात मागच्या ब्रेकचा हवा. एका हाताने पुढचा ब्रेक जोरात दाबला की हँडल वळतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. तुमच्या सायकलला कोणता ब्रेक कोणत्या हाताला आहे ते चाक उचलून, फिरवून, दाबून खात्री करा. दुकानात जोडणी उलटसुलट झालेली असू शकते. काही जण सांगतात की हँडल मधोमध धरा, तिथे ते कमी डगमगतं. डगमगत नाही हे खरं, पण ब्रेक लांब राहतो. मी ब्रेकवरच हात ठेवतो.

रस्ता सपाट किंवा किंचित चढाचा, सरळ, कोरडा, मागेपुढे रिकामा. वेग बारा-पंधराच्या आसपास, पेडल हलकं चालू. पेडल थांबवलं की सायकल जास्त डुलते. फोनची दोरी मनगटात. नजर रस्त्यावरच. फोन छातीच्या उंचीला धरा, रुंद लेन्स लावा म्हणजे चौकट वाकडी आली तरी नंतर कापता येईल, आणि आवाजाचं बटण चार-पाचदा दाबा. काय आलं ते बघायचं नाही. फोन बॅगेत, हात हँडलवर. निकाल पुढच्या थांब्यावर.

उतार, ओला रस्ता, बाजारपेठ, गुरं, शाळा सुटायची वेळ: इथे फोन बाहेर काढायचाच नाही.

एवढा खटाटोप दोनच फोटोंसाठी करावा असं माझं मत आहे. पहिला, आपलेच हात, हँडल आणि खालून वाहत जाणारा रस्ता. यासाठी १/६० घ्या आणि सायकल डुलली तरी घाबरू नका, कारण हँडल आणि फोन बरोबरच डुलतात; हात स्पष्ट राहतात, डांबराच्या रेघा होतात. दुसरा, मागून येणाऱ्या साथीदाराचा. फोन मांडीशेजारी, खाली, मागे तोंड करून धरायचा. मित्राने पाच-सहा मीटर अंतर ठेवायचं, अगदी मागे नाही तर थोडं बाजूला, आणि तोच सांगणार, ‘वर घे, अजून वर, बास.’ तुम्ही मागे बघायचं नाही. गुडघ्याच्या उंचीवरून समोरून काढलेला असा फोटो रस्त्याकडेला उभं राहून मिळत नाही: समोरचं चाक मोठं, चेहऱ्यावर कष्ट, मागे सुरूची झाडं.

बाकी उडालेला बगळा, हात हलवणारं पोर, एसटीच्या टपावरचं सामान, असले क्षण सुटले तर सुटू द्या.

गोप्रोसारखा कॅमेरा छातीवर लावून दर दोन सेकंदांना फोटो घेत राहण्याचाही मार्ग आहे. सुरक्षित आहे, हात मोकळे राहतात. पण रात्री हजारो एकसारखे फोटो चाळायचे, आणि त्या अतिरुंद लेन्समधून घाटाचा चढ सपाट दिसतो. इतके कष्ट करून चढलो त्याचा पुरावाच शिल्लक राहत नाही.

चढ चढासारखा दिसावा म्हणून

उलट करा: लांबून, दुप्पट-तिप्पट झूम लावून काढा. पसरणी घाटात वाईकडून पाचगणीला चढताना वरच्या टप्प्यावर पुढे गेलेल्या माणसाने थांबावं आणि खालची वळणं झूमने टिपावीत. लेन्स जितकी लांबची, तितके रस्त्याचे पदर एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात आणि त्यात मुंगीएवढा सायकलवाला. त्यासाठी गटातला सगळ्यात दमदार गडी फोटोवाला करावा. त्यालाच पुढे जाऊन थांबायला वेळ मिळतो. जो मागे पडतो त्याला पाठीच दिसतात.

वेगाचा फोटो कडेला उभं राहूनही छान निघतो. चार-पाच मीटर लांब उभे राहा, शटर १/३०, आणि सायकल येताना दिसल्यापासून ती गेल्यावरही कंबरेतून वळत राहा. हात नाही, कंबर. चेहरा चौकटीत एकाच जागी राहिला पाहिजे. दहापैकी एखादाच जमतो, आणि जमला की स्वार स्पष्ट, मागचं सगळं वाहून गेलेलं. फोनवर मात्र उन्हात १/३० घेतलं की फोटो पांढराफटक येतो, कारण फोनच्या लेन्सचं उजेडाचं छिद्र बहुधा लहान करता येत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला सावलीचा रस्ता शोधा. दिवेआगरात त्यांची कमी नाही.

एकटेच असाल तर फोन बाटलीला टेकवून रस्त्याकडेला जमिनीलगत ठेवा, फोर-के व्हिडिओ लावा आणि समोरून दोनदा जा-ये करा. व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम आठ मेगापिक्सेलची असते. हवी ती उचला. दहा सेकंदांच्या टायमरमागे धावण्यापेक्षा हे बरं. फोन नजरेआड होईल इतकं लांब जाऊ नका.

सायकल आणि माणसं

नुसत्या सायकलचा फोटो काढताना चेन असलेली, म्हणजे उजवी बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा. हा सायकलवाल्यांचा जुना शिरस्ता. डाव्या बाजूचा फोटो टाकलात तर कुणीतरी टोमणा मारणारच. टेकवायला किलोमीटरचा दगड उत्तम. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य महामार्गाचं, आणि गावाचं नाव आयतं फोटोत येतं. मथळा लिहावा लागत नाही.

माणसांच्या बाबतीत सायकल म्हणजे ओळखपत्र. गाडीतून उतरून कॅमेरा रोखणाऱ्याकडे लोक पाठ फिरवतात, पण घामाघूम सायकलवाल्याला आधी विचारतात, ‘कुठून आलात?’ आणि मग लगेच, ‘केवढ्याला पडली ही?’ किंमत थोडी कमी सांगा. रेवदंड्याला सुकी मासळी निवडणाऱ्या मावशींना मी विचारलं, ‘मावशी, फोटो काढू का?’ त्या म्हणाल्या, ‘काढ, पण आधी सायकल बाजूला घे. बोंबलांवर सावली पडते.’ विचारून काढलेल्या फोटोत नजर सरळ येते. नको म्हणाल्या असत्या तर तिथेच विषय संपला असता.

फेरीबोटीवर मात्र मनसोक्त काढा. सायकल चालवायची नाही, रस्त्याकडे बघायचं नाही, पाणी चारी बाजूंना. फक्त बोटीचा उतरणीचा लोखंडी पत्रा ओला आणि निसरडा असतो. चढताना-उतरताना सायकल ढकलत न्या आणि फोन खिशात ठेवा.

रात्री मुक्कामाला पोचल्यावर पॉवरबँकेला फोन लावून त्याच दिवशीचे फोटो निवडून टाका, आठ-दहा ठेवून बाकी उडवा. घरी आल्यावर ते होत नाही. आणि फोटो स्ट्राव्हावर (राइडचा मार्ग नोंदवून इतरांना दाखवणारं ॲप) किंवा इतरत्र टाकण्यापूर्वी एवढं बघा: राइडचा आरंभ आणि शेवट जिथे होतो ती जागा बहुधा तुमचं घर असते, आणि फोटोतली सायकल बहुधा महागडी. ॲपमध्ये घराभोवतीचा टापू लपवायची सोय आहे, ती चालू करा, आणि इमारतीच्या फाटकासमोरचा निघतानाचा फोटो फक्त घरच्यांच्या ग्रुपवर टाका.